मशीनची स्क्रीन की मोल्डमधला सेन्सर?

इंजेक्शन मोल्डिंगवर, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक दाबाने मोल्डमध्ये (साच्यात) भरून पार्ट काढण्यावर, लक्ष ठेवायचं तर दोन वाटा आहेत. मशीन स्वतः जे मोजतं, म्हणजे कुशन (माल ढकलून झाल्यावर स्क्रूपुढे उरलेला थोडा माल), फिल टाइम (मोल्ड भरायला लागणारा वेळ), स्विचओव्हरचं प्रेशर (भरणं थांबवून होल्डिंगवर, म्हणजे माल दाबून धरण्यावर, जातानाचा दाब), त्यावर मर्यादा लावायच्या. नाहीतर थेट कॅव्हिटीत, म्हणजे पार्ट जिथे आकार घेतो त्या मोल्डमधल्या पोकळीत, प्रेशर सेन्सर बसवायचा. मी दोन्ही वापरतो, आणि दोन्हींचा मान वेगळा आहे.

मशीनची बाजू फुकट मिळते, आणि ती कमी लेखू नये. चेक रिंग (माल मागे जाऊ न देणारी स्क्रूवरची रिंग) झिजली की कुशन दर शॉटला, म्हणजे मोल्ड भरायच्या दर खेपेला, हलायला लागतं. रीग्राइंड (दळून परत वापरलेलं प्लास्टिक) जास्त पडलं किंवा नवा लॉट लागला की स्विचओव्हरचं प्रेशर सरकतं. एका कॅव्हिटीची बादली किंवा क्रेट काढत असाल, तर मला वाटतं एवढ्यावर भागेल.

माझं मन फिरलं ते चार कॅव्हिटींच्या एका नायलॉन क्लिपवर. एखाद्या गेटमध्ये (कॅव्हिटीत माल शिरतो त्या तोंडात) गार माल किंवा कचरा अडकला की ती कॅव्हिटी अर्धवट भरायची, आणि तिच्या वाटचा माल बाकीच्या तिघींत जास्त दाबला जायचा. एकूण शॉट जवळपास तेवढाच, त्यामुळे कुशन जागच्या जागी आणि स्क्रीन हिरवी. मर्यादा आवळल्या तर सकाळी हायड्रॉलिक तेल गार असताना चांगल्या शॉटलाही अलार्म वाजायचा, आणि ऑपरेटर शेवटी अलार्मच बंद करून टाकायचा. त्याला तरी काय म्हणणार! मर्यादा सैल केल्या की शॉर्ट, म्हणजे अर्धवट भरलेली, क्लिप चांगल्या मालात मिसळून पुढे जायची. या दोन्हींच्या मधला आकडा मला कधीच सापडला नाही. मशीन मोजतं स्क्रूमागचं प्रेशर. नोझल, रनर (गेटपर्यंत माल नेणारी वाट) आणि गेट ओलांडून टोकाला किती पोचलं, हे त्याला कळायला मार्गच नाही.

सेन्सर शेवटी भरणाऱ्या भागाजवळ बसवला की हा गोंधळ मिटतो. प्रेशरचा वक्र नेहमीच्या उंचीला पोचला नाही की तो शॉट वेगळ्या क्रेटमध्ये जातो, वाद नाही. मात्र त्यासाठी प्रत्येक कॅव्हिटीत सेन्सर हवा. एकीत बसवून चौघींची खात्री मिळत नाही. गेटजवळ आणखी एक असेल तर होल्डिंग टाइमचाही निकाल लागतो: होल्डिंग सोडताच प्रेशर धाडकन पडलं, तर गेट अजून गोठलेलं नाही, माल मागे येतोय. एरवी होल्डिंग थोडं थोडं वाढवत पार्ट काट्यावर तोलत बसावं लागतं.

त्रास आहेतच. खर्च मोठा आहे. मोल्ड चढवताना केबल चिरडते. इजेक्टर पिनमागे बसवलेला सेन्सर पिन घासली की खोटं बोलतो, आणि थेट कॅव्हिटीला भिडणारा पार्टवर गोल ठसा सोडतो. किस्टलरचे सेन्सर 1 मिमी व्यासापर्यंत मिळतात, त्यामुळे ठसा लपवता येतो, पण दिसणाऱ्या पृष्ठभागावर ग्राहकाला आधी विचारून घ्या.

जुना मोल्ड कापून सेन्सर बसवण्याची घाई मी करणार नाही. पण तीन-चार कॅव्हिटींचा नवा मोल्ड बनवून घेत असाल, तर ड्रॉइंगच्या वेळीच टूलरूमला सेन्सरची भोकं आणि केबलचा खाचा ठेवायला सांगा. पैसे जमेपर्यंत तिथे डमी प्लग चालतो.