जिभेखालची पट्टी: कात्री की लेझर?

आर्वी तालुक्यातील एका आईने विचारले, की सहा वर्षांच्या मुलाच्या जिभेखालची आखूड पट्टी जवळच्या दवाखान्यात कात्रीने सोडवावी, की लेझरसाठी नागपूर गाठावे. त्याला 'र' नीट म्हणता येत नाही आणि जीभ बाहेर काढली की टोकाला पत्त्यातल्या बदामासारखी खाच पडते.

लेझरच्या उष्णतेने बारीक रक्तवाहिन्या तिथेच बंद होतात, त्यामुळे रक्त कमी जाते व बहुधा टाके लागत नाहीत. कात्रीने या वयात टाके पडतात, मात्र ते विरघळणारे असले तर काढण्यासाठी एसटीचा दुसरा हेलपाटा वाचतो. लेझरचा खर्च अधिक असतो, आणि किरणांपासून बचावाचा चष्मा मुलासह खोलीतील प्रत्येकाला घालावाच लागतो. "इंजेक्शन नाही" या जाहिरातीवर मी विसंबणार नाही, कारण जाड पट्टीला भूल लागतेच. जिभेचे व्यायाम दोन्हींनंतर सुटत नाहीत. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो, म्हणून मुलाला तो असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे.

तान्ह्या बाळाची पातळ पट्टी कात्रीने काही सेकंदांत सुटते व लगेच अंगावर पाजता येते. त्यासाठी नागपूर नको. पट्टी जाड असून मूल टाक्यांना घाबरत असेल आणि खर्च झेपत असेल, तर लेझर बरे.