चिऊ-काऊच्या गोष्टीला जलरंग की पेन्सिल?

चिऊ-काऊच्या गोष्टीत धो धो पाऊस आहे, आणि पाऊस काढावा तो जलरंगानेच. ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड कागद ओला करा, निळा-करडा रंग सोडा आणि कागद जरा तिरका धरा. रंग आपली वाट आपणच शोधतो. चिऊच्या मेणाच्या घरासाठी तर खरं मेणच घ्या. पांढरी मेणबत्ती कागदावर दाबून घासा आणि वरून रंग फिरवा. मेणावर रंग ठरत नाही, घर पांढरंशुभ्र उरतं. मुलं हरखून जातात!

ओल्या रंगावर जाडं मीठ भुरभुरलं की चांदण्या उमटतात. पण गोव्याच्या जुलैत मीठच ओलं होतं आणि कागद सुकता सुकत नाही. हा खेळ डिसेंबरात खुलतो.

पेन्सिलीला सुकायची वाट बघावी लागत नाही. काऊच्या शेणाच्या घरासाठी ४बी ही मऊ, गडद पेन्सिल आडवी धरून खरखरीत कागदावर घासा, भिंत हाताने लिंपल्यासारखी दिसते. घामट हाताने मात्र ती फिसकटते, म्हणून तळव्याखाली कोरा कागद हवाच.

या गोष्टीला माझं मत जलरंगांना. देवचाराची, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या भुताची गोष्ट असेल तर मात्र मी पेन्सिलच घेईन. सगळं पान गडद करायचं आणि मऊ खोडरबर दाबून त्याच्या कंदिलाचा उजेड काळोखातून उचलून काढायचा. जलरंगात ही जागा आधीपासून राखून ठेवावी लागते, आणि लहान मुलांना तेवढा धीर कुठला!