थार की जिम्नी?

आमच्या ट्रेकवाल्या टोळक्यात गप्पा बूट-सॅकवरून थेट गाड्यांवर आल्यात. एकाने महिंद्राची थार घेतली, दुसऱ्याने मारुतीची जिम्नी. टपरीवर आता दुसरा विषयच नाही.

थार तीन दारांची. ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची) २२६ मिमी, २.२ लिटरचं डिझेल इंजिन. लोणावळ्याहून राजमाचीखालच्या उधेवाडीला जाणाऱ्या खडकाळ रस्त्यावर हा जोर कळतो. पण मागे बसायचं म्हणजे पुढची सीट वाकवून कसरत; आमच्या काकांनी एकदाच केली. आणि घेताना नीट बघा, १.५ लिटर डिझेलच्या थारमध्ये ताकद फक्त मागच्या चाकांना मिळते. चिखलात नुसता रुबाब काय कामाचा?

जिम्नी २०२३ मध्ये भारतात आली ती पाच दारांची. क्लिअरन्स २१० मिमी, इंजिन १.५ लिटर पेट्रोलच, त्यामुळे भरल्या गाडीने घाट चढताना गिअर सारखे खाली टाकावे लागतात. पण वजन जेमतेम १२०० किलो आणि अंगानं अरुंद; गावातल्या बोळातून अलगद निघते. फोर-व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ताकद, प्रत्येक मॉडेलला. डिकी मात्र २०८ लिटर: दोन-तीन सॅक, एक स्टोव्ह, संपलं.

माझ्याबरोबर आई-बाबाही असतात, म्हणून माझं मत जिम्नीला. थारवाला अजून बोलत नाहीये.