थराचं नाव सांगून विकला जाणारा कोटिक्यूल

बेल्जियमच्या आर्देन भागातला पिवळसर कोटिक्यूल वस्तऱ्याला धार लावायला फार चांगला दगड आहे. फसवणूक होते ती त्याच्या नावात. जुना, वापरलेला, कुठून आला याचा पत्ता नसलेला दगड ‘ला व्हेनेत’ किंवा ‘ला ग्रोस ब्लांश’ थराचा म्हणून चढ्या भावाने विकतात, आणि घेणारा त्या नावाचेच पैसे मोजतो.

ही नावं खाणकामगारांनी ठेवली. आर्देनमधल्या व्हिएलसाल्म परिसरात जांभळट-निळ्या स्लेटच्या (पाटीच्या दगडाच्या) पोटात कोटिक्यूलचे थर सापडतात, बरेचसे अगदी पातळ. सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वीचा हा गाळ नंतर दाबला गेला, त्याला घड्या पडल्या. त्यामुळे एकच थर थोड्या अंतरावर रंग, ठिपके, कडकपणा बदलतो. धार लावतात ते मँगनीजयुक्त गार्नेट या कठीण खनिजाचे सूक्ष्म कण. त्यांचं प्रमाणही सगळीकडे सारखं नसतं. दगड कुठल्या थरातून निघाला हे काढणाऱ्याला माहीत असतं. कापून, घासून बाजारात आल्यावर नुसत्या रंगावरून थर सांगणं हा अंदाज असतो, आणि विक्रेता तो खात्री म्हणून विकतो.

दुसरी लबाडी ‘नैसर्गिक जोड’ या शब्दांत असते. काही दगडांत पिवळा आणि निळा भाग मुळातच एकजीव असतो, त्याला मागणी जास्त. कोटिक्यूल ठिसूळ असल्याने त्याखाली स्लेट चिकटवण्याची रीत जुनी आहे, त्यात गैर काही नाही. पण चिकटवलेला दगड एकजीव म्हणून विकणं ही सरळ फसवणूक आहे. फोटो बहुधा ओल्या दगडाचा आणि वरून काढलेला असतो. ओलाव्यात जोडही लपतो आणि बारीक चिराही.

दगड कोरडा करून चारही कडा १० पट भिंगाखाली पाहा. चिकटवलेल्या जोडात दोन्ही भागांमध्ये सगळीकडे सारख्या जाडीची, थोडी चकाकणारी रेघ दिसते, कुठेतरी हवेचा बारीक बुडबुडा अडकलेला असतो आणि दगडातली चीर तिथे अचानक थांबते. एकजीव दगडात अशी वेगळी भर दिसत नाही. बारीक चिरा आणि शिरा कित्येकदा एका रंगातून दुसऱ्यात सलग जातात. त्याच वेळी पिवळ्या भागाची जाडी चारही कोपऱ्यांवर मोजा. दगड मधे खोल गेला असेल तर सपाट करताना जाडी आणखी जाणार. एका टोकाला जेमतेम तीन मिलिमीटर उरली असेल तर तो दगड घेऊच नका. तेल मुरवून काळवंडलेल्या दगडाचं तर काहीच कळत नाही, तो साफ करून दाखवायला सांगा.

दगडाचा वेग, म्हणजे तो पोलाद किती लवकर काढतो हे, मात्र तपासता येतं. छोट्या दगडाने घासून दुधासारखी दाट स्लरी (पाणी आणि दगडाच्या भुकटीचं मिश्रण) करा, वस्तरा पुढे-मागे फिरवा आणि स्लरी किती लवकर करडी होते ते बघा. वेगवान दगडावर ती लगेच काळवंडते, कारण पोलाद निघत असतं. पण दाट स्लरीत धारेची टोकदारी एका मर्यादेपुढे जात नाही. थेंब थेंब पाणी घालत ती पातळ करत जावी लागते. या चाचणीवरून थर कळणार नाही, पण दगड तुमच्या वस्तऱ्याला उपयोगी आहे का हे नक्की कळेल.

पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याला लेखी विचारा: थराचं नाव कशावरून ठरवलं, जोड एकजीव आहे की चिकटवलेला, आणि दावा खोटा निघाल्यास परत घेणार का. जुनी पेटी किंवा लेबल पुरावा धरू नका, पेटीतला दगड कोणीही बदलू शकतो. दगड हातात आल्यावर कडा तपासून होईपर्यंत तो सपाट करायला घेऊ नका आणि पाण्याखालीही धरू नका. वापरलेला दगड परत घ्यायला बहुतेक विक्रेते नकार देतात.