सीपॅपचा काही महिन्यांचा अनुभव, मशीनपेक्षा डॉक्टरबद्दलच जास्त

सीपॅप म्हणजे झोपेत श्वास थांबण्याच्या आजारासाठी (स्लीप ॲप्निया) रात्री मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन. मशीनचे रिव्ह्यू ढीगभर आहेत, पण ते सेट करून देणाऱ्या डॉक्टरबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून हे. आमचे डॉक्टर छाती-फुफ्फुसवाले, झोपेच्या आजारांचंही वेगळं शिकलेले. मी गेलो घोरण्यासाठी, तर त्यांनी आधी बायकोलाच विचारलं, झोपेत ह्यांचा श्वास थांबतो का, मग एकदम गुदमरल्यासारखा परत सुरू होतो का. बरोबरच आहे, झोपलेल्याला काय कळणार! मग एपवर्थ नावाच्या प्रश्नावलीचे आठ प्रश्न, वाचताना, टीव्ही बघताना, गाडीत बसल्यावर डुलकी लागते का वगैरे. 24 पैकी मार्क, 10 च्या वर गेले की दिवसा जास्त झोप येते असं धरतात. माझे बरेच वर.

स्लीप स्टडीत, म्हणजे झोपेत केलेल्या तपासणीत, डोक्याला, हनुवटीला वायरी, छाती-पोटाला पट्टे, बोटाला क्लिप. झोप लागते, काळजी नको. रिपोर्टमधला बघायचा आकडा एएचआय, म्हणजे तासाला सरासरी किती वेळा श्वास निदान 10 सेकंद थांबतो किंवा उथळ होतो. 5 ते 15 सौम्य, 30 पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. मी तीव्रवाला. स्पायरोमेट्री (नळीत फुंकून करायची फुफ्फुसांची तपासणी) नॉर्मल आली, म्हणजे फुफ्फुसं ठीक, घसा झोपेत मिटतो. मशीन फक्त हवेच्या दाबाने तो उघडा ठेवते, ऑक्सिजन देत नाही (हे मलाही तिथेच कळलं, घरी अजून सगळे ऑक्सिजनचं मशीनच म्हणतात).

आता खरा मुद्दा. सुरुवातीला मास्कमधून हवा डोळ्यांवर यायची, तोंड कोरडं पडायचं, सकाळी पोट फुग्यासारखं. मशीनवर एएचआय 5 च्या खाली दिसत होता तरी दिवसा पेंग यायचीच. दुसऱ्या कोणी आकडा बघून छान चाललंय म्हटलं असतं, ह्यांनी मशीनच्या कार्डवरचा डेटा उघडला, लीकचा (हवा किती गळते त्याचा) ग्राफ बघितला आणि म्हणाले तोंड उघडं पडतंय तुमचं, हवा तिथून जाते. मग चोंदलेल्या नाकासाठी स्प्रे, ह्युमिडिफायर (हवा दमट करणारा भाग) वाढवला, नाकावरचा मास्क काढून तोंड-नाक दोन्ही झाकणारा दिला. ऑटो मोड, म्हणजे मशीन दाब आपोआप कमीजास्त करतं तो, 4 ते 20 असा मोकळाच सोडलेला होता, तो आवळून वरचा दाब कमी केला, पोट फुगणं जवळपास गेलं. हे सगळं हळूहळू, एका वेळी एकच बदल, त्यामुळे कशाने फरक पडला ते कळत गेलं. मला हे फार आवडलं.

आता रात्री लघवीला उठणं जवळजवळ बंद, दुपारच्या मीटिंगला डोळे मिटत नाहीत. नाकावर वळ उठतात ते उठतातच.

तक्रारी आहेत. अपॉइंटमेंट असूनही ताटकळत बसावं लागतं, बोलणं तुटक, आणि दर वेळी वजनावरून ऐकवतात. मास्कची उशी (चेहऱ्याला टेकणारा मऊ भाग) झिजते, बदलावी लागते, हे आधी सांगायला काय हरकत होती? परत लीक सुरू झाल्यावर कळलं.

मागच्या वेळी विचारलं, मशीन कधी सुटणार, तर म्हणाले हे औषधाच्या कोर्ससारखं नाही, लावाल त्या रात्रीपुरतंच काम करतं. वजन नीट उतरलं तर स्टडी परत करून बघू, तोवर दुपारच्या झोपेलाही लावा.