फायटर माशाच्या टाकीतला पाण्याचा जोर कमी करायचाय: स्पंज, बाटलीचा आडोसा की बिनफिल्टर?

फिल्टरच्या खोक्यावरचा आकडा मी घरी आल्यावर वाचला, तिथेच चुकलो. तासाला ३०० लिटर. टाकी माझी २० लिटरची. म्हणजे सगळं पाणी तासाला पंधरा वेळा घुसळून निघणार. तिसऱ्या दिवशी निळा फायटर अनुबियासचं पान आणि काच यांच्या सापटीत अंग दाबून बसलेला. दाणा टाकला की तो याच्या तोंडासमोरून वाहत पलीकडे जायचा. हा अर्ध्या वाटेपर्यंत यायचा, शेपूट उलटी व्हायची, की परत सापटीत.

हा मासा मूळचा थायलंडकडचा, भातखाचरांतल्या आणि गवताळ डबक्यांतल्या संथ पाण्यातला. त्यात लांब पिसाऱ्याचा फायटर हा माणसाने पैदास करून काढलेला प्रकार. त्याला जोराच्या पाण्यात सोडणं म्हणजे ओल्या नऊवारीत पोहायला लावणं. तो वर येऊन हवेतला ऑक्सिजन घेतो, त्यामुळे पाण्यात खळबळ हवीच असं नाही. फिल्टर लागतो तो स्पंजात वाढणाऱ्या जिवाणूंसाठी. माशाने सोडलेल्या अमोनियाचं ते आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. जोर कमी झाला तर चालतं, जिवाणू मेले तर चालत नाही.

हँगिंग फिल्टर, म्हणजे टाकीच्या काठावर लटकणारा, आधीच घेतलेला असेल तर तो फेकू नका. पाण्याची रिकामी बाटली घ्या, दोन्ही टोकं कापून नळी करा, तिला उभी चीर द्या आणि फिल्टरच्या ओठावर, म्हणजे पाणी टाकीत पडतं त्या कडेवर, चढवा. धार सरळ खाली पडायच्या ऐवजी दोन्ही बाजूंना पसरते. त्याखाली फिल्टरचाच स्पंज अडकवला की उरलासुरला जोरही जातो. भांडी घासायचा स्पंज मात्र वापरू नका. काहींवर जंतुनाशक लावलेलं असतं. पाणी ओढणाऱ्या नळीच्या तोंडावरही स्पंज चढवा, नाहीतर पिसारा आत ओढला जातो. पण तो आठवड्याला पिळायचा. मोटरला पाणी मिळेना झालं तर तीच तापते. थोडक्यात, दाबायचं असेल तर बाहेर पडणारं पाणी दाबा, आत येणारं नको.

हा जुगाड फुकटात होतो, पण आपल्याकडे त्याची खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये. पारा ४२ वर, वर कुलर चालू. टाकीचं पाणी बघता बघता उतरतं. पातळी इंचभर खाली गेली की बाटलीतून येणारी धार उंचावरून पडायला लागते आणि अख्खा आडोसा वाया. त्यात दुपारी लाईट जाते. परत आल्यावर पातळी फारच खाली असेल तर मोटर पाणी ओढत नाही, कोरडीच घरघरते. माझी अशीच गेली. मी लातूरचा, २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं शहर आमचं. टाकीत रोज तांब्याभर पाणी ओतताना आईची नजर अजून चुकवावी लागते. ओतायचं ते जारचं आरओ पाणी. उडून जातं ते पाणी, क्षार मागेच राहतात. वरून बोअरचंच ओतत राहिलात तर टाकीतले क्षार वाढून पाणी जड होत जातं.

स्पंज फिल्टर म्हणजे एअर पंप, नळी आणि स्पंज. माझा कौल याला. पाणी ओढणारी मोटर नाही, पिसारा अडकायची भीती नाही. पातळी चार बोटं उतरली तरी काम चालू. लाईट गेली तरी स्पंज पाण्यातच असतो, त्यामुळे तास-दोन तासांत जिवाणूंना फारसं काही होत नाही. हँगिंगच्या बंद डब्यात ते लवकर गुदमरतात.

पण तो आणला की झालं, असंही नाही. स्वस्त पंपाचे बुडबुडे मोठे, फुटतात धाडधाड. वरचं पाणी उकळल्यासारखं दिसतं. जोर कमी करायला लोक नळीला गाठ मारतात किंवा चिमटा लावतात. हवा तुंबली की पंपातल्या रबरी पडद्यावर ताण येतो आणि तो फाटतो. त्यापेक्षा नळीत टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, घाला: एक तोंड फिल्टरला, दुसऱ्यावर नॉब बसवून जास्तीची हवा बाहेर सोडा. स्पंजाच्या उभ्या नळीत एअर स्टोन (हवेच्या नळीला लावायचा सच्छिद्र दगड) सोडला की बुडबुडे बारीक होतात आणि रात्रीची गुडगुडही कमी. पंप टाकीच्या खाली ठेवणार असाल तर वन-वे वाल्व (उलटं येणारं पाणी अडवणारी झडप) लावाच. लाईट गेल्यावर पाणी नळीतून उलटं उतरतं आणि सकाळी पंपात पाणी, फरशीवर पाणी. बोअरच्या पाण्याने एअर स्टोनवर पांढरा थर चढतो; तो बाहेर काढून व्हिनेगरमध्ये बुडवा, नीट धुवून परत टाका.

आत बुडवायचा पॉवर फिल्टर २० लिटरला मी घेणार नाही. नॉब पूर्ण बंदाकडे फिरवला, तोंड काचेकडे केलं, तरी कोपऱ्यात भोवरा राहतोच. आधीच असेल तर मोठी टाकी घ्याल तेव्हासाठी ठेवा.

बिनफिल्टर होतं, पण फक्त झाडं दाट असतील तर. व्हॅलिस्नेरिया आपल्या जड पाण्यात जोमाने वाढते, वर साल्विनिया तरंगती ठेवली की नायट्रेट ओढून घेते. गंमत अशी की साल्विनियाला धार सोसत नाही. पानं वरून सतत ओली राहिली की कुजतात, त्यामुळे तिला संथ टाकीच मानवते. मासा एकच, खाणं मोजकं, झाडं रुजेपर्यंत महिना-दीड महिना धीर आणि दर आठवड्याला थोडं पाणी बदलणं. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या घरात हे शेवटचं जमतं का, ते आधी बघा. नळाचंच वापरणार असाल तर दिवसभर उघड्या बादलीत ठेवून क्लोरीन उडू द्या. स्पंजसुद्धा नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा.

काही जण मधला मार्ग म्हणून फिल्टर टायमरवर लावतात, रात्री बंद. तो मार्ग नाही. हँगिंगच्या डब्यात रात्रभर पाणी साचून राहतं, ऑक्सिजन संपतो आणि सकाळी तेच पाणी माशावर.

हँगिंगचाच विचार पक्का असेल तर विकत घ्यायच्या आधी दुकानात चालू करायला सांगा. धारेखाली लिटरची बाटली धरा आणि मोबाईलवर वेळ लावा. २० सेकंदांत भरली तर तासाला १८० लिटर, ४० सेकंदांत भरली तर ९०. २० लिटरच्या टाकीला ९० पुरे. दुकानदार हसेल, हसू द्या.