सोसायटीची नोटीस: भारदस्त लिहावी की साधी?

सोसायटीचं सेक्रेटरीपद गळ्यात पडलं की पहिली नोटीस लिहितानाच हा प्रश्न येतो. जुन्या फायलीतले नमुने सगळे ‘सन्माननीय सभासदांस कळविण्यात येते की’ या थाटाचे असतात. कोथरूडमधल्या आमच्या 42 फ्लॅटच्या सोसायटीत मी सहा वर्षं हे काम केलं. पहिली तीन वर्षं त्या थाटात, नंतरची तीन साध्या मराठीत.

भारदस्त मराठीला वजन असतं, आणि काही ठिकाणी ते लागतं. थकबाकीची नोटीस, सभेतला ठराव, सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयाला पत्र, इथे ठरलेले शब्दच बरे. वार्षिक सभेची नोटीस 14 पूर्ण दिवस आधी द्यायची असते आणि सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यायची असते. त्यावरून उद्या कुणी तक्रार केली, तर ‘विषयपत्रिका’, ‘इतिवृत्त’, ‘सूचक’, ‘अनुमोदक’ हे शब्द नेमके असल्याचं बरं वाटतं. शिवाय अवघड शब्द कायम अवघड राहतो असंही नाही. ‘महापौर’ सावरकरांनी घडवला, आज तो रिक्षावाल्याच्याही तोंडी आहे. त्यामुळे संस्कृत शब्दांवर माझा राग नाही.

माझं बिनसलं ते क्रियापदांशी.

एका गुरुवारी महापालिकेचं पाणी बंद होतं. त्याच दिवशी टाक्या धुवून घ्यायचं ठरलं. मी नोटीस लावली: ‘जलसाठवण टाक्यांची स्वच्छता करण्यात येणार असल्याने सदर कालावधीत पाणीपुरवठा खंडित ठेवण्यात येईल, तरी सभासदांनी त्या अनुषंगाने आवश्यक ती तजवीज करावी.’ दिवस आणि वेळ वरच्या ‘विषय’ या ओळीत होती. संध्याकाळी लिफ्टपाशी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू भिंग घेऊन उभ्या होत्या. बोट एकेका शब्दाखाली सरकत होतं. ‘करण्यात’पाशी थांबलं, मागे गेलं, पुन्हा पुढे आलं. मला बघून म्हणाल्या, “अरे, पाणी जाणार कधी, आणि मी बादल्या किती भरू?” काकूंनी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेलं. त्या रात्री मला अकरा फोन आले, सगळ्यांचा प्रश्न तोच. ‘सदर कालावधी’ म्हणजे कुठला, हे शोधायला लोकांना वर जावं लागत होतं आणि तिथवर कुणी जात नव्हतं. ‘करण्यात येईल’ म्हणजे कोण करणार, हे तर कुठेच नव्हतं.

पुढच्या वेळी लिहिलं: ‘गुरुवारी सकाळी 9 पासून पाणी नाही. टाक्या धुवायला माणसं येणार आहेत. शुक्रवारी पाणी उशिरा आणि कमी दाबाने येईल, तेव्हा दीड दिवसाचं भरून ठेवा.’ एकही फोन आला नाही. लोकांना एव्हाना सवय झाली होती म्हणूनही असेल, पण मला तसं वाटत नाही.

साध्या मराठीत एक खड्डा आहे, तो सांगायला हवा. साधं लिहिताना तुटक लिहिलं जातं. आपल्या पुण्यात पाट्यांची परंपरा असल्याने हात तिकडे लवकर वळतो. ‘गाडी नीट लावा’ एवढंच लिहिल्यावर एक ज्येष्ठ सभासद खरंच दुखावले. तेव्हापासून कारण लिहायला लागलो: ‘कृपया गाडी रेषेच्या आत लावा, ॲम्ब्युलन्स वळत नाही.’ एक ओळ वाढली, पण भाषा साधीच राहिली. आणि साधं म्हणजे निम्मं इंग्रजीही नव्हे. ‘मेंटेनन्स’ सगळे म्हणतात म्हणून मीही म्हणतो, पण ‘थकबाकी’ असताना ‘ड्यूज’ कशाला?

तुमच्याकडे वादावादी फार असेल, प्रकरणं उपनिबंधक कार्यालयापर्यंत जात असतील, तर जुना थाट पूर्ण सोडू नका. मीही सभेच्या नोटिशीत रीतसर विषयपत्रिका ठेवतोच. फक्त तिच्या वर मोठ्या अक्षरांत दोन ओळी असतात: ‘रविवारी सकाळी 10 वाजता, पार्किंगमध्ये. इमारतीच्या रंगाला किती पैसे काढायचे ते ठरवायचं आहे, या.’